तिसरा हात

दर गुरुवारी सकाळी ऋजुता सासूबाईंची नखं कापायची. सासूबाईंना जाऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं.

त्या गेल्या, पण त्यांचा हात घरात होता. उजवा, मनगटापासून पुढचा. देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात, काचेच्या पेटीत, आशीर्वाद द्यायला जरा पुढे झुकवून बसवलेला. सदतीस अंश गरम. मनगटाला एक नळी, नळीला बाटली, बाटलीत मुगाच्या कढणासारखं काहीतरी पिवळट. ते आत जायचं, आणि दुसऱ्या नळीनं जे बाहेर यायचं ते खालच्या तबकात साठायचं. त्या तबकाला आंबलेल्या ताकाचा वास यायचा. ते रोज ओतून, धुऊन, पुसून परत ठेवायचं. आठवड्यातून एकदा मेलेली कातडी ओल्या फडक्यानं सोलायची, तिचे भुरे पापुद्रे निघत. मग तेल लावायचं. मग नखं. नखाचा तुकडा उडून एकदा नैवेद्याच्या वाटीत पडला होता, आणि त्या दिवसापासून ऋजुताला वरण खाली जाईना.

"आईची सेवा आहे गं," निनाद म्हणायचा. तिचा नवरा. सांगलीतल्या एका पतपेढीत मोठ्या खुर्चीवर होता. सेवा हा शब्द त्याच्या तोंडी फार गोड लागायचा, कारण तबक त्यानं एकदाही ओतलं नव्हतं. तो कामावर जाताना पेटी उघडायचा, वाकायचा, आणि तो हात गालाला लावून डोळे मिटून उभा राहायचा. गालाचा स्पर्श झाला की बोटं किंचित मिटायची. "बघ, ओळखते मला," असं म्हणून तो डोळे पुसायचा. ऋजुता स्वयंपाकघरातून ते बघायची आणि तोंड फिरवायची.

आणि का फिरवू नये? याच हातानं चौदा वर्षांपूर्वी, नव्या नवरीच्या दंडाला, चार पाहुण्यांसमोर, हसत हसत चिमटा काढला होता. मीठ जास्त पडलं होतं म्हणून. पुढे चिमटे बंद झाले, टोमणे चालू राहिले, आणि शैलजाबाई हर्डीकर म्हणजे किती प्रेमळ, हे गावभर झालं. आता त्याच हाताला खोबरेल चोळायचं!

यामागचं विज्ञान सांगायला सोपं आहे. माणूस ज्याला ज्याला हात लावतो त्यावर कातडीचे बारीक कण सोडतो. गुळगुळीत वस्तूवरचे कण पुसून जातात. पण आपल्याकडे भांड्यांवर नावं घालायची चाल आहे. मुंज असो, बारसं असो, वास्तुशांत असो, भांडेवाला ते टर्रर्र करणारं यंत्र घेऊन बसतो आणि टिंबाटिंबांनी नाव, गाव, तारीख कोरतो. यातलं प्रत्येक टिंब म्हणजे एक खड्डा. त्या खड्ड्यात तेलकटपणा, साबण आणि कातडीचे कण वर्षानुवर्षं थरावर थर दाबून बसतात. 'चिरस्पर्श' नावाच्या कंपनीला हे पहिल्यांदा उमगलं. त्या थरांतून डीएनएचे तुकडे काढायचे, संगणकानं सलग जुळवायचे, आणि ती सगळी लिपी कोऱ्या पेशींत उतरवायची. कोऱ्या म्हणजे आपण पुढे कातडी व्हायचं की काळीज, हे अजून न ठरवलेल्या पेशी. त्या एका साच्यावर वाढवायच्या. साचा गेलेल्या माणसाच्या फोटोंवरून बनवलेला. पाच महिन्यांत त्यावर कातडी येते, नखं येतात, घाम येतो, खाली पातळसा स्नायूही येतो. नसा नसतात, त्यामुळे वेदना नसतात, असं पत्रकात ठळक छापलेलं असायचं. बोटं मिटतात ती विजेच्या बारीक झटक्यानं.

पूर्वी लोक गेलेल्या माणसाचा चष्मा ठेवायचे, घड्याळ ठेवायचे, लुगड्यांची गोधडी शिवायचे. चष्म्याला खायला घालावं लागत नाही. पण हौसेला मोल नसतं ना! वर्षभरात सांगलीच्या विश्रामबागेत निम्म्या घरांत कुणाचा ना कुणाचा हात आला. शेजारच्या ओकांची नात दहावीच्या पेपरला जाताना आपल्या आजीचा आशीर्वाद घ्यायची आणि मग वाटेत हर्डीकर आजींचाही घेऊन जायची. "दोन हात असले की बरं," तिची आई म्हणायची. ऋजुता त्या पोरीला साबण लावून हात धुवायला सांगायची.

हात करायचा ठरला तेव्हा कंपनीनं विचारलं होतं, आईंच्या सर्वांत वापरातली वस्तू कोणती? निनादनं क्षणाचाही विचार न करता मांडणीवरून मोठं पातेलं उतरवलं. काठावर लिहिलं होतं, 'सौ. शैलजा वि. हर्डीकर, सांगली. चि. निनादच्या मुंजीप्रीत्यर्थ'. बत्तीस वर्षं त्या पातेल्यात घरचा भात शिजला होता. "यावर आईचं नाव आहे," निनाद म्हणाला. नाव तिचं म्हणजे हात तिचा, एवढं सरळ गणित. कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. ऋजुतालाही नाही.

हात आला तेव्हा जरा काळपट होता. "मशिनीत रंग इकडेतिकडे होतो," निनाद म्हणाला. तळव्याला सारखं पाणी सुटायचं. "जिवंतपणाचं लक्षण," निनाद म्हणाला. माणसाला एकदा मानायचंच असलं की त्याच्याकडे कारणांना तोटा नसतो.

मग पुण्याहून मुग्धा आली. निनादची धाकटी बहीण, तोंडानं तिखट. आल्या आल्या तिनं पेटी उघडून तळव्याला ओठ टेकवले, रडून घेतलं, आणि चहा पिता पिता विषय काढला.

"दादा, उजवा तुझ्याकडे आहे. डावा मला हवा. माझी काय आई नव्हती ती?"

"अगं, करून घे की. पातेलं आहेच."

पण मधल्या काळात सरकारनं नियम केला होता. कुणीही उठून कुणाचाही हात करून घ्यायला लागलं होतं. एका बहाद्दरानं आपल्या लग्न झालेल्या मैत्रिणीचा करून घेतला होता, त्यावरून बोंब झाली. आता रक्ताचं नातं सिद्ध केल्याशिवाय नवा अवयव मिळायचा नाही. बहीणभावांनी लाळेचे नमुने दिले. पंधरा दिवसांनी मुग्धा परत आली. त्याच दिवशी, रविवारी दुपारी कंपनीच्या डॉक्टर तांबोळी अहवाल घेऊन स्वतः घरी आल्या. पन्नाशीच्या, शांत बाई. त्यांनी पाणीसुद्धा नको म्हटलं, तेव्हाच ऋजुताला कळलं की काहीतरी बिनसलंय.

"नमुन्यातली व्यक्ती आणि तुम्ही दोघं," डॉक्टर म्हणाल्या, "रक्ताचं काही नातं दिसत नाही."

मुग्धाच्या हातातला पेला हिंदकळला. "म्हणजे? आम्ही आईचे नाही? दादा, आपल्याला दत्तक घेतलं होतं?"

"वेडी आहेस का? आईच्या बाळंतपणाचे फोटो आहेत!"

"तुम्ही सख्खे बहीणभाऊ आहात," डॉक्टर म्हणाल्या. "त्यात शंका नाही. हा हात तुमच्या आईंचा नाही."

 कोनाड्यात बोटं जराशी मिटली. पेटीला कुणाचा तरी धक्का लागला असावा.

"तुमच्या आईंच्या तळव्यांना घाम यायचा का? खूप घाम? हे घराण्यात चालत येतं, यांच्या डीएनएत स्पष्ट दिसतंय."

"छे! आईचे हात कोरडे ठणठणीत."

"मग मला एक सांगा. ते पातेलं घासायचं कोण?"

निनाद आणि मुग्धा एकमेकांकडे बघायला लागले. त्यांना खरंच आठवत नव्हतं. भांडी स्वयंपाकघरातून खरकटी बाहेर जायची आणि दुपारी लखलखीत होऊन पालथी पडलेली असायची, एवढंच त्यांना ठाऊक.

"त्या खड्ड्यांत कण बसतात ते दाबानं," डॉक्टर सांगत होत्या. "जो भात वाढतो तो भांड्याला नुसता धरतो. जो घासतो तो कातडी अक्षरांत घासून भरतो. आमच्याकडून चूक झाली. आम्हीही नाव बघितलं."

ऋजुताला केव्हाच उमगलं होतं. शालन. शालनमावशी. निनादच्या मुंजीच्या भांड्यांना मदतीला म्हणून आली आणि पुढे तीस वर्षं मागच्या मोरीवर बसली. काचेचं काही उचलायचं असलं की आधी तळवे पदराला पुसायची. "घामट हात हाय ओ माझा, वैनी. आईचाबी तसाच, पोरीचाबी तसाच."

ऋजुताचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं तेव्हा दवाखान्यात सासूबाई दारात उभ्या होत्या, नाकाला पदर लावून. "मला बाई असलं बघवत नाही," असं म्हणून त्या बाहेर जाऊन बसल्या. आत शालन होती. दिवसभर. ऋजुताचा हात तिनं आपल्या ओल्या हातात धरून ठेवला होता आणि मधूनमधून एवढंच म्हणत होती, "हाय मी, हाय."

तोच हात ती सहा महिने तोंड वाकडं करून सोलत होती.

"शालनचा आहे तो," ऋजुता म्हणाली.

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं, म्हणजे बघवत नव्हतं. मुग्धा तोंडावर हात दाबून न्हाणीकडे धावली आणि तिच्या ओकाऱ्यांचा आवाज बाहेरपर्यंत आला. "मी ओठ टेकवले गं! ओठ!" निनाद बेसिनपाशी गेला आणि साबणानं गाल धुवायला लागला. धुतला, पुसला, परत धुतला. सहा महिने ज्या गालावर त्याला आईची ऊब जाणवत होती तो गाल घासून घासून त्यानं लालभडक केला.

"देवाशेजारी ठेवला होता आपण!" तो ओरडला. "देवाशेजारी, ऋजू!"

ऋजुता त्याच्याकडे बघत राहिली. तबक, नखं, पापुद्रे, इतक्या दिवसांत तिला पुष्कळ किळस आली होती. पण या लाल गालाची जी आली तिच्यापुढे ती काहीच नव्हती. आणि लगेच तिची नजर खिडकीकडे गेली. बाहेरच्या कट्ट्यावर कान तुटलेला एक कप पालथा होता. शालनचा कप. सासूबाई गेल्या, शालनचं कामही त्याच्या आधीच सुटलं, पण तो कप आत घ्यावा किंवा फेकून द्यावा असं ऋजुताला कधी वाटलं नव्हतं. इतकी वर्षं ती त्यातच चहा ओतत आली होती, वरून, किटली कपाला लागणार नाही अशी. कुणी तिला रोज सांगत नव्हतं. हात आपोआप तसा वळायचा. शी!

डॉक्टर तांबोळी समजुतीच्या सुरात पुढचं सांगत होत्या. नवा हात विनामूल्य. या वेळी कवळी द्या, कंगवा द्या. हा हात उद्या सकाळी दहाला आमची गाडी घेऊन जाईल, तोवर बाटली चालू ठेवा.

"नेऊन काय करता याचं?" ऋजुतानं विचारलं.

डॉक्टरांनी अहवाल मिटला. "असे हात चाचण्यांना जातात. जिवंत कातडी आहे, वाया घालवत नाही कुणी. भांड्यांचे साबण, पावडरी बनवणाऱ्यांना लागते. कातडी किती दिवसांत फाटते, ते बघायला."

"भांड्यांची पावडर."

"वेदना होत नाहीत हो, नसा नाहीत."

"पण ज्या बाईचा आहे तिला विचारायला नको?"

"नमुना तुमच्या मालकीच्या पातेल्यातून आला. कायद्यानं तो तुमचा."

"कुठं सही करू?" निनाद बेसिनपाशूनच म्हणाला. "आत्ताच न्या ना! उद्यापर्यंत कशाला?"

सही झाली, डॉक्टर गेल्या. निनाद अंघोळीला गेला, डोक्यावरून. मुग्धा पलंगावर लिंबू हुंगत पडली. ऋजुतानं पेटीचं भिंतीतलं कनेक्शन काढलं, बॅटरीवर टाकलं, बाटली सरळ ठेवली आणि पेटी स्कूटरच्या पुढ्यात घेतली. उद्या दहानंतर शालनच्या कातडीला परत सोडा लागणार होता, या वेळी फाटेपर्यंत मोजून. ते होऊ द्यायचं नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

कुपवाडच्या रस्त्याला पत्र्याच्या चार खोल्या एका ओळीत होत्या. त्यातली शेवटची शालनच्या मुलीची. मुलगी कामावर गेलेली. शालन दारातच शेंगा फोडत बसली होती. म्हणजे शेंग दोन्ही तळव्यांत धरून जमिनीवर दाबत होती, कारण बोटं मिटत नव्हती. दोन वर्षांपूर्वी त्याच बोटांतून पातेलं निसटलं आणि सासूबाई म्हणाल्या, "आता नको येत जाऊस." ऋजुता तेव्हा तिथंच कणीक मळत होती. "येईन हं मावशी भेटायला," ती म्हणाली होती. ती आज आली होती.

"वैनी? तुमी? या की, बसा." शालन उठायला लागली, ऋजुतानं तिला बसवलं, आणि पेटी समोर ठेवून सगळं सांगितलं. पातेलं, नाव, कण, अहवाल, गालाला लावणं, साबण, उद्याची गाडी. काही लपवलं नाही. लपवावंसं खूप वाटलं.

शालननं पेटीच्या काचेला नाक लावलं. बराच वेळ बघितलं.

"दुखतंय का त्याला?"

"नाही म्हणतात."

"म्हंजे ह्यो माझा."

"हो, मावशी."

"तीस वरसं दोन हातांनी घासलं तुमच्या हितं. ते थकलं तवा घरी बसवलंसा. आन् मागनं तिसरा उगवून घेतलासा व्हय?" ती हसली, तोंडात दात कमी होते. "आन् त्यो काय करतुया तितं?"

"काही नाही. आशीर्वाद... आम्ही पूजा करायचो."

"कुनाची? काकूंची न्हवं? काकूंच्या नावानं उभा हाय म्हंजे कामच झालं की ते."

 वाटेत ऋजुतानं सगळं ठरवलं होतं, ते तिनं घाईघाईनं मांडलं. "मी त्यांना नेऊ देणार नाही. इथंच ठेवू या. मी दर आठवड्याला बाटली आणीन, सगळं मी करीन. नखं कापीन, तेल लावीन. तुम्हाला काही करावं लागणार नाही."

"माझ्या हाताला तेल लावनार तुमी?"

"हो."

शालननं आपले दोन्ही हात पुढे केले. सुजलेली, वाकडी बोटं. तळव्यांना भेगा, काही भेगांच्या तोंडाशी वाळलेलं रक्त. कडेनं मात्र अजून ओलसर.

"हे बी दोन वरीस हितंच हुते की, वैनी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

बाहेर कुणीतरी बादली आपटली. ऋजुतानं मान खाली घातली. आपण क्षमा मागायला आलोय असं तिला वाटलं होतं, पण खरं तर ती शाबासकी घ्यायला आली होती. ते आता कळलं, आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

शालननं पेटीचं झाकण उघडलं. आपला हात त्या हाताशेजारी ठेवला. वाढवलेला हात सावळा होता, मऊ, तकतकीत, घामानं जरा चमकणारा. कुठं चरा नाही, भेग नाही, नखांत काळं नाही.

"सोडा न्हाई, राख न्हाई, गार पानी न्हाई," ती हळूच म्हणाली. "असा ऱ्हायला असता व्हय माझा हात."

ती तो बघत राहिली. ऋजुताला तिच्याकडे बघवेना.

"उद्या नेल्यावर पावडर लावनार म्हनलासा?"

"हो. फाटेपर्यंत."

"बंद कसा करायचा ह्यो?"

"नळी काढली की तासाभरात गार होतो. पण मावशी, मी खरंच सांभाळीन..."

"नगं. न घासताच मरू द्या. माझ्यातलं येक तरी न घासता मरू द्या. काढा नळी."

"मी?"

"मग? तुमीच लावलीसा न्हवं."

 ऋजुतानं मनगट डाव्या हातानं धरलं आणि नळी ओढली. पिवळं पाणी तिच्या मुठीवर, साडीवर सांडलं, तोच आंबूस वास सगळ्या खोलीत पसरला. त्या हाताची बोटं हलकेच मिटली आणि तिला दवाखान्यातली ती दुपार आठवली. रडू आवरेना. तो गार होईतो निदान धरून बसावं म्हणून तिनं आपला तळवा त्याच्या खाली सरकवला.

"ऱ्हाऊ द्या," शालन म्हणाली. "तुमी नका हात लावू."

तिनं ऋजुताचा तळवा बाजूला केला, हात उचलून आपल्या मांडीवर घेतला, आणि मनगटाला जिथं ऋजुताची बोटं लागली होती तेवढी जागा पदरानं पुसून काढली. मग परत एकदा पुसली.